केनेडींची गोळी आणि शिशातलं अँटिमनी

मार्च २०२५ मध्ये अमेरिकेने राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या हत्येच्या फायली खुल्या केल्या आणि लगेच कट उघडकीस आला म्हणून मेसेज फिरायला लागले. फायली ज्याला वाचायच्यात त्याने जरूर वाचाव्यात, पण या केसमधली मला सगळ्यात भारी वाटणारी गोष्ट शिशाच्या काही मिलिग्रॅमच्या तुकड्यांत आहे.

२२ नोव्हेंबर १९६३, डॅलस. हत्येची चौकशी करणाऱ्या वॉरन कमिशनचं म्हणणं असं की ली हार्वे ओस्वाल्ड या माणसाने एकट्याने तीन गोळ्या झाडल्या, त्यातली एक केनेडींच्या पाठीत शिरून गळ्यातून बाहेर पडली आणि पुढे बसलेल्या गव्हर्नर कॉनलींची छाती, मनगट करत मांडीत गेली. हीच गोळी नंतर हॉस्पिटलमध्ये स्ट्रेचरवर सापडली, तीही जवळजवळ अख्खी! लोकांना हे पटेना.

मग १९७७ मध्ये संसदेच्या चौकशी समितीसाठी व्हिन्सेंट ग्विन या केमिस्टने ती गोळी आणि जखमांत व गाडीत सापडलेले शिशाचे तुकडे तपासले. पद्धत होती न्यूट्रॉन अ‍ॅक्टिव्हेशन, आणि ती मला प्रचंड आवडते. तुकडा अणुभट्टीत ठेवायचा, त्यावर न्यूट्रॉनचा मारा करायचा. शिसं न्यूट्रॉन फारसे गिळत नाही पण त्यात थोडंसं मिसळलेलं अँटिमनी नावाचं मूलद्रव्य गिळतं, अँटिमनी-१२१ चं अँटिमनी-१२२ होतं, त्याचा अर्धायुकाल (निम्मं विघटित व्हायला लागणारा वेळ) साधारण २.७ दिवस, आणि ते विघटित होताना ५६४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा गॅमा किरण सोडतं. बाकीची मूलद्रव्यं आपापल्या वेगळ्या ऊर्जेचे किरण सोडतात, त्यामुळे ५६४ वाले मोजले की दहा लाखात किती भाग अँटिमनी आहे ते कळतं, आणि तुकड्याला कुठे ओरखडाही पडत नाही.

आकडे आले. स्ट्रेचरवरची गोळी ८३३, कॉनलींच्या मनगटातला कण ७९७. केनेडींच्या मेंदूतले आणि गाडीत सापडलेले तुकडे ६०० ते ६५० च्या आसपास. म्हणजे दोन गट, म्हणून लागलेल्या गोळ्या दोनच, असं ग्विन म्हणाले. त्यामागे गृहीतक होतं की ओस्वाल्डच्या मॅनलिकर-कार्कानो रायफलच्या काडतुसांमध्ये एका गोळीतून दुसऱ्या गोळीत अँटिमनी खूप बदलतं पण एकाच गोळीत सगळीकडे जवळपास सारखं असतं.

गडबड नेमकी इथे आहे. समुद्राचं पाणी गोठताना बर्फ मीठ बाहेर ढकलतो ना, तसंच वितळलेलं शिसं घट्ट होताना होतं. आधी जे स्फटिक तयार होतात त्यात अँटिमनी कमी, उरलेल्या द्रवात ते साठत जातं आणि शेवटी स्फटिकांच्या सीमांवर जमा होतं. आता मिलिग्रॅमभर तुकडा घेतला तर त्यात सीमेचा भाग किती आला यावर आकडा ठरणार, म्हणजे एकाच गोळीचे दोन कण वेगळे आकडे देऊ शकतात आणि दोन वेगळ्या गोळ्यांचे कण सारखे. २००६ मध्ये एरिक रँडिच आणि पॅट्रिक ग्रँट यांनी हे मांडलं. त्यांच्या हिशोबाने तुकडे दोन ते पाच गोळ्यांचे असू शकतात, आणि किमान दोन म्हणायचं कारण अँटिमनी नाहीच, स्ट्रेचरवरची गोळी जवळजवळ पूर्ण वजनाची आहे, म्हणजे बाकीचे सगळे तुकडे तिचे असू शकत नाहीत, एवढंच.

हे फक्त एका केसपुरतं नव्हतं. शिशाच्या रसायनावरून गोळ्या जुळवण्याची चाचणी एफबीआय कित्येक वर्षं कोर्टात वापरत होती, ती २००५ मध्ये बंद केली.

आता यावरून लगेच दुसरा बंदूकधारी सिद्ध झाला म्हणणारे आहेतच, आणि ते साफ चूक आहे. पुरावा कमकुवत निघाला याचा अर्थ उलटी गोष्ट खरी ठरली असा होत नाही. संसदेच्या त्याच समितीने पोलिसांच्या रेडिओ रेकॉर्डिंगवरून चौथी गोळी झाडली गेल्याचा, म्हणून दुसरा बंदूकधारी असल्याचा निष्कर्ष काढला होता, तोही १९८२ मध्ये नॉर्मन रॅम्सी यांच्या शास्त्रज्ञ गटाने खोडला, कारण ते आवाज गोळीबारानंतर जवळपास मिनिटभराने नोंदले गेले होते.