ठशाला गेलेला तडा

सिसिलीतल्या सिरॅक्यूजचं चार द्राख्मांचं चांदीचं नाणं. एका बाजूला चार घोड्यांचा रथ, दुसरीकडे अरेथुसा या जलदेवतेचं मुख आणि तिच्याभोवती चार डॉल्फिन. वजन साधारण १७ ग्रॅम. नगरवासीयांचं नाव ग्रीक अक्षरांत कोरलेलं आहे, सन मात्र कुठेच नाही. इसवी सनपूर्व पाचव्या शतकातली अशी शेकडो नाणी समोर पसरली, तर आधीचं कोणतं नि नंतरचं कोणतं हे कसं ओळखायचं?

त्यासाठी नाणं कसं पाडत ते पाहू. खालचा ठसा ऐरणीत बसवलेला, त्यावर चांदीची चकती, तिच्यावर हातात धरलेला दुसरा ठसा आणि वरून घणाचा घाव. घाव थेट सोसायचा तो वरच्या ठशाने, म्हणून तो लवकर मोडे. त्याच्या जागी नवा येई, खालचा तोच राही. पुढे खालचाही निकामी होई, पण तेव्हा हाती असलेला वरचा ठसा अजून धड असे. त्याच्याशी नव्या खालच्या ठशाची जोडी जमे. थोडक्यात, अंताक्षरीच. एका नाण्यावरचा ठसा पुढच्या नाण्यावर सापडतो, त्याचा जोडीदार त्याच्या पुढच्यावर.

ठसे हाताने कोरलेले असल्यामुळे एकाच कारागिराचे दोन ठसेही तंतोतंत सारखे नसत. तरी ते ओळखणं डोळ्यांना थकवणारं काम आहे. चेहरा ‘सारखा वाटतो’ यावर विसंबलं की फसगत ठरलेली. नाणं झिजतं, घाव तिरका बसतो, अर्धा डॉल्फिन चकतीबाहेर जातो. पाहायचं असतं ते अंतर: डॉल्फिनचं नाक कोणत्या अक्षराकडे रोखलंय, केसांची बट हनुवटीपासून किती दूर आहे. झीज कितीही झाली, तरी या खुणांची आपापसातली जागा बदलत नाही.

साखळी जुळली, पण तिचं सुरुवातीचं टोक कोणतं? ते ठशाचा तडा सांगतो. ठशाला भेग पडली की घावासरशी चांदी त्या भेगेत शिरते आणि नाण्यावर उंचवट्याची रेघ उमटते. (नाण्यावर नंतर पडलेला ओरखडा खोलगट असतो, फरक नखालाही कळतो.) रेघ नसलेलं नाणं आधीचं, बारीक रेघ असलेलं त्यानंतरचं, रथाच्या चाकापासून काठापर्यंत रेघ गेलेलं आणखी नंतरचं. अर्थात टांकसाळीत एकच ऐरण असेल असं नाही. ठसे आलटूनपालटून वापरले, की सरळ साखळीचं जाळं होतं. एरिख ब्योरिंगर यांनी सिरॅक्यूजच्या नाण्यांचा असा ठसावार अभ्यास १९२९ मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा संगणक नव्हता.

आज न सापडलेल्या ठशांचाही अंदाज बांधता येतो. बबलगमसोबत मिळणारी क्रिकेटपटूंची कार्डं जमवलेल्यांना हे पटकन कळेल. तीच तीच कार्डं येऊ लागली की संच संपत आलाय. रोज नवा चेहरा निघतोय तर अजून बरेच बाकी आहेत. १०० नाण्यांमध्ये २० ठसे एकेकदाच दिसले, तर आपल्याला माहीत असलेल्या ठशांनी मूळच्या सुमारे ८० टक्के नाणी पाडली असावीत. या हिशेबामागची कल्पना अॅलन ट्युरिंगची, दुसऱ्या महायुद्धात सांकेतिक संदेश उलगडतानाची. ती १९५३ मध्ये प्रसिद्ध केली त्याचे सहकारी आय. जे. गुड यांनी.

ठसा जुळला की अभ्यासक खूश होतो. पण दोन नाण्यांचा ठसा जुळला, तडा जुळला, वर चकतीचा वेडावाकडा काठ आणि वापरताना पडलेला ओरखडाही जुळला, तर त्याच्या कपाळावर आठ्या पडतात. ठसा एक असू शकतो, ओरखडा नाही. त्यातलं निदान एक नाणं साच्यात ओतलेलं, बनावट आहे. आणि बहुधा दोन्ही.