कॅसिनो चिपांची अदलाबदल

जुगाराच्या टेबलावर रोख पैशांऐवजी वापरल्या जाणाऱ्या चिपा जमवणाऱ्या छांदिष्टांमधील आपसातली देवाणघेवाण. कोकण किनाऱ्यावर अशा चिपांचा मुख्य स्रोत म्हणजे पणजीला मांडवी नदीत नांगरलेली कॅसिनो-जहाजे. महाराष्ट्रात १९७६ साली झालेला कॅसिनोविषयक कायदा कधी अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये तो रद्दही झाला. त्यामुळे सिंधुदुर्गातल्या संग्राहकाला चिप हवी असेल, तर बांद्यावरून पत्रादेवीचा नाका ओलांडावा लागतो. गोमंतकीय संग्राहकाची तऱ्हा उलटी आहे. जहाज त्याच्या दारात उभे असते, पण फेब्रुवारी २०२० पासून स्थानिकांना खेळाच्या दालनात मज्जाव आहे, म्हणून तो पलीकडच्या मित्रावर अवलंबून असतो.

अदलाबदल चोख होण्यात खरी गुंतागुंत किमतीची असते. चालू चिप ही कॅसिनोने धारकाला द्यायच्या पैशांची खूण असते (अमेरिकेतील नेवाडा राज्याचे नियम तर तिची मालकी कॅसिनोचीच मानतात), म्हणून ५०० रुपयांची चालू चिप देणारा माणूस प्रत्यक्षात ५०० रुपये सोडत असतो. याउलट बंद पडलेल्या कॅसिनोच्या चिपेवरचा आकडा निरर्थक ठरतो आणि तिचे मोल दुर्मिळता, नक्षी व अवस्था यांवरच ठरते. गोव्यात प्रवेशशुल्कात मिळणारी, एकदाच खेळता येणारी ‘ओटीपी’ चिप रोखीत वटत नाही. ती वटणाऱ्या चिपेच्या बरोबरीची म्हणून समोरच्याच्या हाती देणे ही सरळ फसवणूक होय. तीच गोष्ट आत धातूची चकती असलेल्या, ११.५ ग्रॅम वजनाच्या, घरगुती डावासाठी विकल्या जाणाऱ्या प्लास्टिक चिपांची. टेबलावरच्या मातीमिश्रित चिपेचा व्यास साधारण ३९ मिलिमीटर आणि वजन ८ ते १० ग्रॅम असते, त्यामुळे सोनाराचा लहान काटा येथे उपयोगी पडतो.

अवस्थेचे वर्णन मोघम असू नये. कड बोथट झाली आहे का, मधला कागदी छाप खरचटला आहे का, सोनेरी अक्षरे पुसट आहेत का, हे दोन्ही बाजूंच्या छायाचित्रांसह आधीच सांगावे. किनाऱ्यावरच्या पावसाळी दमट हवेत कागदी छापावर डाग पडतात आणि मातीमिश्रित चिपा निस्तेज दिसू लागतात. अशी चिप तेलाने पुसली की रंग पुन्हा उठतो. तसे केले असल्यास तेही सांगितले पाहिजे, कारण तेल उडाले की रंग पुन्हा उतरतो. खोबरेल लावले असेल तर कालांतराने खवट वास येऊन ही हातचलाखी उघडी पडू शकते.

टपालाने अदलाबदल करताना नव्या माणसाने आधी पाठवावे आणि मुरलेल्याने नंतर, असा संकेत आहे. चिपा दोन पुठ्ठ्यांमध्ये चिकटपट्टीने न चिकटवता, कागदाच्या घडीत अडकवून पाठवतात. चिकटपट्टी काढताना छाप उचकटला, तर दोष पाठवणाऱ्याचाच मानला जातो.