ग्रामीण विदर्भातील महिला वकिली

विदर्भातील तालुका व जिल्हा न्यायालयांत स्त्रियांनी चालविलेला वकिलीचा व्यवसाय. भारतातील स्त्रियांना वकिलीची वाट 1923 च्या कायद्याने निर्विवादपणे मोकळी झाली. त्याआधी रेजिना गुहा आणि सुधांशुबाला हाजरा यांचे अर्ज अनुक्रमे कलकत्ता व पाटणा येथील उच्च न्यायालयांनी अर्जदार स्त्री आहे एवढ्याच कारणावरून फेटाळले होते. मुंबई उच्च न्यायालयाला पहिल्या महिला न्यायमूर्ती, सुजाता मनोहर, 1978 साली मिळाल्या.

वकिलीची सनद (परवाना) महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिल देते. वकिली मात्र सीनियरच्या ऑफिसात शिकावी लागते, आणि खेड्यातून आलेल्या मुलीची पहिली अडचण तेथेच सुरू होते. कोर्टात तारखा घेणे, नकलेचे अर्ज करणे, पुरशीस (कोर्टाला द्यायचे छोटे लेखी निवेदन) दाखल करणे ही कामे तिला दिवसा मिळतात. परंतु दाव्याचा मसुदा कसा बांधायचा आणि उलटतपासणीत कोणता प्रश्न मुळीच विचारायचा नाही, हे सीनियरकडून कळते ते संध्याकाळी सातनंतर, पक्षकार समोर बसलेले असताना. आर्वी किंवा दर्यापूरच्या आसपासच्या गावातून एसटीने येणारीला नेमकी त्याच वेळी शेवटची गाडी गाठायची असते. ज्युनिअरचे मानधन तुटपुंजे, पुष्कळदा नसतेच, त्यामुळे तालुक्याला खोली करून राहणे घरच्यांच्या ऐपतीवर अवलंबून राहते.

लग्नाच्या अडचणीची चर्चा बहुधा सासरच्या परवानगीपाशीच थांबते. वास्तविक वकिलाचे भांडवल म्हणजे त्या एका कोर्टातील ओळख असते, आणि ते सोबत नेता येत नाही. शिक्षिकेची बदली होऊ शकते. वकिलाचे पक्षकार बदलून येत नाहीत. वणीत पाच वर्षे जमविलेली वकिली लग्नानंतर मोर्शीत शून्यापासून सुरू करावी लागते. स्वतंत्र व्यावसायिक असल्यामुळे प्रसूतिलाभाचा कायदाही तिला लागू होत नाही. चार महिने कोर्टात न दिसलेल्या वकिलाची प्रकरणे शेजारच्या टेबलावर गेलेली असतात.

तिच्याकडे प्रथम येतात ती पोटगीची, घटस्फोटाची आणि 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखालील प्रकरणे, कारण अशी हकिकत बाईला सांगणे पक्षकार स्त्रीला सोपे जाते. तालुका विधी सेवा समितीमार्फत येणारी मोफत साहाय्याची कामेही बरीचशी याच स्वरूपाची असतात. यातून नाव होते, अनुभव मिळतो, पण फी बेताची असते, आणि ‘बायकांच्या केसेसवाल्या मॅडम’ हा शिक्का एकदा बसला की सहजी निघत नाही. ग्रामीण भागात पैसा आणि प्रतिष्ठा जमिनीच्या दाव्यांत आहे: वाटणी, धुऱ्याचा (बांधाचा) वाद, वहिवाट, फेरफार (जमिनीच्या नोंदीतील बदल). प्रस्तुत नोंदीच्या मते येथील महिला वकिलाच्या यशाचे खरे माप हेच, की एखादा शेतकरी सातबारा, मोजणीचा नकाशा आणि जुने खरेदीखत प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आपणहून तिच्या टेबलाशी येतो.

जमिनीच्या दाव्यांचे हे दार उघडायला वारसाहक्काच्या कायद्यातील बदलांचा मोठा हातभार लागला. महाराष्ट्राने 1994 मध्ये, आणि केंद्राने 2005 मध्ये अधिक व्यापकपणे, मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क दिला. 9 सप्टेंबर 2005 रोजी, म्हणजे केंद्राची दुरुस्ती अमलात आली त्या दिवशी, वडील हयात असणे त्यासाठी आवश्यक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केले. भावाने ‘फक्त सही कर’ म्हणून हक्कसोडपत्र करून घेतलेली बहीण हा कथेचा विषय वाटला, तरी दिवाणी कोर्टात तो पुराव्याचा विषय असतो: कागद वाचून दाखविला होता का, माहेरी कोणत्या कामासाठी बोलावले होते, सहीच्या वेळी सोबत कोण होते. असे तपशील साक्षीदार बाईकडून, तिच्याच बोलीत, संयमाने काढून घेण्यात महिला वकील अनेकदा सरस ठरतात.

वकिलीतून न्यायासनाकडे जाण्याचा मार्ग लोकसेवा आयोगाच्या दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) परीक्षेतून जातो. पुण्यात किंवा नागपुरात अभ्यासिकेत बसून ही परीक्षा थेट देणे गावाकडील मुलींना तालुक्याच्या वकिलीपेक्षा सुरक्षित वाटत असे. सर्वोच्च न्यायालयाने 20 मे 2025 रोजी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू केल्यामुळे त्यांनाही आधी सीनियरचे ऑफिस शोधावे लागते.