महिंद्राची जीप कोकणात टिकली कशी, त्याची पार्श्वभूमी

गणपतीत मुंबई-गोवा हायवेला उभं राहिलं तर आता दर थोड्या वेळानं महिंद्राची एक थार जाते, आणि नवीन पोरांना वाटतं की ही गाडी म्हणजे हल्लीच आलेलं फॅड आहे, डोंगर चढायचा आणि रील टाकायची. त्याच हायवेवरून आत वळून देवगड, राजापूर, कुडाळ कुठल्याही बाजूच्या जुन्या वाडीत गेलात तर मांगराच्या कडेला ताडपत्री टाकलेली एखादी एमएम ५४० किंवा कमांडर, महिंद्राच्याच जुन्या जीपा, अजून दिसते, आणि तिचं आणि थारचं घराणं एकच आहे. ही जीप इथे आली कशी, कोणी वापरली, कशी जगवली हे कुठे एकत्र वाचायला मिळत नाही म्हणून लिहायला घेतलं.

मूळ गाडी लढाईतली. अमेरिकन लष्कराला १९४० मध्ये चारही चाकांना ताकद जाणारी हलकी टेहळणीची गाडी हवी होती. बॅंटम नावाच्या छोट्या कंपनीने पहिला नमुना करून दाखवला, पण एवढ्या गाड्या बनवायची तिची कुवत नव्हती, म्हणून मोठ्या ऑर्डरी विलीज आणि फोर्डला गेल्या आणि युद्ध संपेपर्यंत या दोघांनी मिळून सहा लाखांच्या वर जीपा बाहेर काढल्या. विलीजचं इंजिन २.२ लिटरचं पेट्रोल, ६० हॉर्सपॉवर. आज ऐकायला काहीच नाही वाटत, पण गाडी इतकी हलकी की तेवढं पुरून उरायचं.

इकडे २ ऑक्टोबर १९४५ ला महिंद्रा अँड मोहम्मद नावाची कंपनी निघाली, जगदीशचंद्र आणि कैलाशचंद्र महिंद्रा हे भाऊ आणि त्यांचे भागीदार मलिक गुलाम मोहम्मद. धंदा स्टीलचा होता, गाड्यांचा नव्हताच. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि पुढे गव्हर्नर जनरलही, आणि इथे १९४८ ला कंपनीचं नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं. कैलाशचंद्र युद्धाच्या काळात अमेरिकेत होते, विलीजची गाडी त्यांना तिथली माहिती, तेव्हा ती इथे आणायचं ठरलं. १९४७ पासून जीपा येऊ लागल्या आणि १९४९ ला माझगावात सुट्या भागांवरून जोडायला सुरुवात झाली.

माझगाव म्हटलं की कोकणी माणसाला भाऊचा धक्का आठवतो. त्या काळात कोकणात जायचं म्हणजे धक्क्यावरून बोट पकडायची आणि रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण असं बंदराबंदराला उतरत जायचं, पावसाळ्यात तर तेही बंद. बंदरावर उतरलं की पुढे वाडीपर्यंत पाय नाहीतर बैलगाडी. म्हणजे आपले आजे जिथून ट्रंक डोक्यावर घेऊन बोटीत चढायचे त्याच भागात ही गाडी जोडली जात होती, फक्त ती त्यांच्या वाडीपर्यंत पोचायला अजून बरीच वर्षं जायची होती.

सुरुवातीला जीप म्हणजे सरकार. १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या आणि मग बीडीओची जीप, फॉरेस्टची जीप, बांधकाम खात्याची, मलेरियाच्या फवारणीवाल्यांची, निवडणुकीत कर्णा लावून फिरणारी. त्यातली बहुतेक सीजे थ्री बी, उंच बॉनेटवाली. बॉनेट उंच का, तर विलीजने पुढे जे हरिकेन इंजिन काढलं त्यात इनटेकचे म्हणजे हवा आत घेणारे वॉल्व्ह वर हेडमध्ये घातले, त्यामुळे इंजिनाची उंची वाढली आणि जुन्या बॉनेटखाली ते बसेना, मग बॉनेटच उचललं. दिसायला काही जणांना बेढब वाटते, मला तो चेहरा फार आवडतो. अमेरिकेत हे मॉडेल १९६८ ला बंद पडलं पण आपल्याकडे तोच साचा पुढे कित्येक वर्षं चालू राहिला, आणि माझ्या मते कोकणातली जीप टिकण्याचं पहिलं कारण हेच. साचा बदलला नाही म्हणून पार्ट बदलले नाहीत, पार्ट बदलले नाहीत म्हणून तालुक्याच्या मेस्त्रीला एक गाडी कळली की सगळ्या कळल्या.

दुसरं कारण डिझेल. पेट्रोलची जीप खासगी माणसाला परवडायची नाही, बागायतदार झाला तरी आंब्याचा पैसा वर्षातून एकदाच हातात येणार. महिंद्राने १९६३ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर ट्रॅक्टरची कंपनी काढली होती, त्या ट्रॅक्टरच्या घराण्यातलं डिझेल इंजिन जीपला बसलं, दणादण हादरणारं पण तेल कमी पिणारं. मग १९७९ च्या सुमारास फ्रान्सच्या प्यूजोबरोबर करार झाला आणि त्यांचं २.१ लिटरचं एक्सडीपी डिझेल आलं. हे इंजिन मुळात कारसाठीचं, मऊ चालणारं. ते एमएम ५४० मध्ये पडलं आणि जुन्या लोकांना विचारा, ५४० म्हटलं की आजही डोळे चमकतात. सकाळी चावी अर्धी फिरवून हीटरचा प्लग तापायची वाट बघायची आणि मग स्टार्टर मारायचा. नंतर डीआय म्हणजे डायरेक्ट इंजेक्शनचं इंजिन आलं, त्याला हे हीटरचं नाटक नाही, पण आवाज असा की गाडी पाणंदीला लागली की वाडीत चहाचं आधण ठेवलं जायचं.

आता कोकणात फोर व्हील कशाला लागते हे घाटावरच्या माणसाला पटकन पटत नाही, रस्ते तर सगळीकडे झालेत म्हणतात. सडा म्हणजे जांभ्याचा कातळ, त्यावर पावसात शेवाळ धरतं आणि खाली बागेत उतरणारी घाटी तांबड्या मातीची, एक पाऊस पडला की साबण. आंबोलीसारख्या ठिकाणी वर्षाला ७००० मिलिमीटरच्या वर पाऊस, किनाऱ्यालाही ३००० च्या आसपास. टू व्हील ड्राइव्ह गाडीचं मागचं एक चाक फिरायला लागलं की संपलं, गाडी जाग्यावर खड्डा खणते. जीपला गिअरच्या बाजूला दोन छोटे दांडे, एकाने पुढची चाकं जोडायची, दुसऱ्याने लो टाकायची, म्हणजे वेग कमी आणि ताकद जास्त असा गिअर. लो टाकली की गाडी माणसाच्या चालीनं जाते पण चारही चाकं धरून जाते, ब्रेकला पाय न लावता उतारावर इंजिनच गाडी धरून ठेवतं, आणि निसरड्या घाटीत सगळ्यात महत्त्वाचं तेच, चढण्यापेक्षा उतरणं जास्त जोखमीचं असतं.

आणि यात एक खोच आहे जी मॅन्युअल न वाचता सगळे शिकले. फोर व्हील टाकून कोरड्या डांबरावर वळलात तर गाडी आवळते, कारण वळताना पुढची चाकं जास्त अंतर कापतात आणि मागची कमी, मधे तो फरक सोडवायला काही नाही. मग दांडा निघत नाही, नवा ड्रायव्हर दोन हातांनी ओढत बसतो. आमच्या वाडीतले आबा अशा वेळी नुसते एवढंच म्हणायचे, "रिव्हर्स घे रे वायंच." दोन हात मागे घेतली की पीळ सुटतो आणि दांडा एका बोटाने बाहेर येतो.

नव्वदच्या दशकात जीप लांब झाली. कमांडर आली, मागे समोरासमोर बाकं, पुढे ड्रायव्हरच्या उजव्या मांडीलाही माणूस, टपावर फणस आणि कोंबड्यांच्या पाट्या. तिच्याबरोबर बजाज टेम्पोची ट्रॅक्स होती, ती पण दणकट, तिच्यावर वेगळं लिहायला हवं. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण चालू झाली तेव्हा तर या गाड्यांना खरे दिवस आले कारण स्टेशनं गावापासून लांब, रात्री दोन वाजता कणकवलीला किंवा कुडाळला उतरलेला चाकरमानी सामानासकट घरी पोचणार कसा, एसटी सकाळी. स्टेशनबाहेर कमांडर लागलेल्या असायच्या. नियमात किती माणसं बसतात आणि बसायची किती हे सगळ्यांना माहीत होतं. ते धोक्याचंच होतं, त्याचं कौतुक करायचं नाही, पण त्या काळात कित्येक बाळंतिणी आणि सर्पदंशाचे पेशंट याच गाडीतून तालुक्याला पोचले हेही खरं आहे.

आता गंजाबद्दल, कारण कोकणात या गाडीची खरी परीक्षा चढावावर झालीच नाही, पत्र्यावर झाली. खारं वारं आणि चार महिने ओल. पाट्यांच्या म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्यांच्या थरात पाणी बसतं, फ्लोअरचा पत्रा मॅटखालून जातो आणि कळत नाही, ब्रेकचे पाइप खवले धरतात, चासीचा म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याचा आतला पोकळ भाग माती भरून ओला राहतो आणि आतून खातो. यावर इथले उपाय इथेच निघाले. पावसाआधी गाडी उचलून खालून जळकं ऑइल मारायचं, पिचकारी नाहीतर जुन्या ब्रशने, चासीच्या भोकांतून आत सुद्धा. किनाऱ्याकडे काही जण काजूच्या टरफलांचं तेल मारायचे, होडीला मारतात तेच, हाताला लागलं तर चामडी जाते म्हणून फडकं गुंडाळून. फ्लोअर गेला तर जाड पत्रा घेऊन मेस्त्री नवीन कापून बसवायचा, बॉडी इतकी सरळ रेषांची आहे की छिन्नी, हातोडा आणि वेल्डिंग मशीन असलं की काम होतं. आमचे मेस्त्री सांगायचे, "गाडी रस्त्यार मरना नाय, दारात उभी रवान मरता." चालवत राहिलेली ५४० वीस-पंचवीस वर्षांनी पण चालते, आणि मुंबईला गेलेल्या मालकाची तीन पावसाळे ताडपत्रीखाली उभी राहिलेली गाडी मात्र उघडून बघवत नाही, ताडपत्री पाऊस अडवते पण ओल आतच कोंडते.

२००० ला बोलेरो आली. बंद बॉडी, पत्र्याचं छप्पर, पावसात कोरडं बसता येणं हीच मोठी गोष्ट, आणि तीच कोकणात घराघरात गेली. थारचं कितीही नाव होऊ दे, जीपची इथली खरी वारसदार बोलेरो आणि तिची पिकअप आहे असं माझं ठाम मत आहे. हापूसच्या सीझनला बागेतून पेट्या काढायला पिकअपच लागते, रात्रभर वाशीला पळते तीही तीच. २००२ ला स्कॉर्पिओ आली आणि कंपनीची दिशाच बदलली, शहरातला गिऱ्हाईक डोळ्यासमोर आला. जुन्या पद्धतीची जीप मागे पडत गेली, आणि मग २०१० ला थार या नावाने परत आली, ५४० चाच तोंडवळा पण २.५ लिटरचं सीआरडीई म्हणजे कॉमन रेल डिझेल इंजिन, १०५ हॉर्सपॉवर. ज्यांनी ६०-६५ हॉर्सपॉवरवर करूळ घाट चढला होता त्यांच्यासाठी हे फार होतं.

सध्याची थार २ ऑक्टोबर २०२० ला बाजारात आली, कंपनीच्या स्थापनेचीच तारीख. ही नावाने जुनी पण गाडी पूर्ण नवी. २२६ मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स, ६५० मिलिमीटर पाण्यातून जाण्याची क्षमता, ग्लोबल एनकॅपच्या धडकेच्या चाचणीत चार स्टार. व्हाळाला म्हणजे ओढ्याला गुडघाभर पाणी असताना हे आकडे कामाचे आहेत, पण भरतीच्या वाळूत नाहीत. समुद्रकिनाऱ्यावर गाड्या घालून रुतवणाऱ्यांनी एवढं तरी समजून घ्यावं की ओल्या वाळूत रुतलेलं चाक लाट आली की अजून खाली जातं, आणि खारं पाणी बेअरिंगमध्ये, वायरिंगमध्ये शिरलं की फोर बाय फोर असून उपयोग नाही. शिवाय किनाऱ्यावर कासवांची घरटी असतात, होड्या ओढणारी माणसं असतात. २०२३ पासून तर थार टू व्हील ड्राइव्हमध्येही मिळते, ती घेऊन घाटीत उतरायच्या आधी आपली कुठली आहे ते बघा.

गंमत म्हणजे ज्या अमेरिकेतून गाडी आली तिथेच तिच्या चेहऱ्यावरून भांडण झालं. महिंद्राने २०१८ ला रॉक्सर नावाने तीच जुनी बांधणी अमेरिकेत शेतावर वगैरे चालवायला विकायला काढली, तेव्हा जीप ब्रँडची मालक फियाट क्रायस्लर आडवी आली की हे आमच्यासारखं दिसतं. २०२० मध्ये निकाल महिंद्राच्या विरोधात गेला, मग पुढचा चेहरा बदलून केलेली नवी रॉक्सर चालेल असं त्याच वर्षाच्या शेवटी ठरलं. तिथे विलीजचं नाव कैसर, एएमसी, क्रायस्लर असं हात बदलत गेलं आणि आता त्याच जीप ब्रँडच्या गाड्या आपल्या पुण्याजवळ रांजणगावला बनतात. एका आजीची दोन घराणी एकाच राज्यात.

आता जुनी ५४० किंवा कमांडर घ्यायचा ज्यांचा विचार आहे त्यांच्यासाठी. पेंट बघू नका, छोटा हातोडा घ्या आणि चासी ठोकत जा, विशेषतः मागच्या पाट्यांच्या ब्रॅकेटजवळ आणि बॉडी माउंटच्या खाली. टणटण आवाज आला तर ठीक, बसका आला तर आत पोकळ झालंय. फोर व्हील टाकून मातीच्या रस्त्यावर चालवा, लो पण टाका, बरेच जण वर्षानुवर्षं टाकतच नाहीत आणि दांडे जाम झालेले असतात. पार्ट अजून मिळतात, ती काळजी नाही. मोठा प्रश्न कागदांचा आहे. पंधरा वर्षांनंतरच्या नोंदणीची फी २०२२ मध्ये खासगी चारचाकीला ६०० वरून ५००० झाली होती, आणि एक्सडीपी काढून डीआय बसवलेल्या गाड्या आपल्याकडे खूप आहेत, त्यातल्या सगळ्यांच्या आरसीवर तो बदल चढवलेला नसतो. इंजिन नंबर स्वतः कापडाने पुसून वाचा, आरसीशी जुळवा, जुळत नसेल तर ॲडव्हान्स द्यायच्या आधी आरटीओत जाऊन विचारा, सिंधुदुर्गवाल्यांनी ओरोसला. जुळत असेल आणि चासी टणक असेल तर मग रंग, हूड, सीटा हे सगळं नंतर हळूहळू होतं.