टोमॅटोचं बूड काळं पडलं, की अंड्याची टरफलं?

गच्चीवरच्या टोमॅटोचं बूड काळं, चामट पडलं की सल्ला ठरलेला असतो: कॅल्शियम कमी आहे, अंड्याची टरफलं चुरून कुंडीत टाका. हे निम्मंच खरं आहे. फळात कॅल्शियम कमी पडलेलं असतं, पण मातीत ते बहुतेकदा भरपूर असतं. देशावरच्या चुनखडीयुक्त काळ्या मातीत तर असतंच असतं.

खरी अडचण ते फळापर्यंत पोचण्याची. कॅल्शियम मुळांकडून पाण्याबरोबर वर चढतं आणि जिथून बाष्प जास्त उडतं तिकडे, म्हणजे पानांकडे, जातं. फळातून बाष्प फारच कमी उडतं. त्यात कुंडी दोन दिवस ठणठणीत कोरडी आणि तिसऱ्या दिवशी तुडुंब, की फळाचं टोक उपाशी राहिलंच. वर युरियाचा मारा केला तर पाला माजतो आणि दुखणं वाढतं.

टरफल म्हणजे जवळजवळ सगळं कॅल्शियम कार्बोनेट. कोकणातल्या आम्लधर्मी जांभ्या मातीत त्याची बारीक पूड हळूहळू विरघळते. काळ्या मातीत मात्र हाताने चुरलेले तुकडे पुढच्या हंगामातही तसेच सापडतात. (मुंग्यांची सोय होते, ती वेगळी.)

नुसत्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याचा भुसा) रोप असेल तर कॅल्शियम खरोखर कमी पडू शकतं. तिथे थोडं जिप्सम (कॅल्शियम असलेलं खनिज) मिसळावं. बाकीच्यांनी कुंडी मोठी घ्यावी, वाळक्या पानांचं आच्छादन करावं, पाण्यात खंड पडू देऊ नये. काळी पडलेली फळं सुधारत नाहीत, तोडून टाका. हा संसर्ग नाही. खराब भाग कापला की उरलेला टोमॅटो आमटीत चालतो.