बायोनिकल संग्रह

लेगो या डॅनिश कंपनीच्या ‘बायोनिकल’ मालिकेतील जुळणीची पात्रे जमवण्याचा, जपण्याचा आणि मोडून पुन्हा घडवण्याचा छंद. जुळणीचे पात्र म्हणजे सुटे भाग जोडून उभे करायचे, आणि उभे राहिल्यावर हातपाय हलवत खेळायचे खेळणे. दुकानात तयार मिळणारी ॲक्शन फिगर मोडली की संपली. हे मोडण्यासाठीच केलेले असते. मेकॅनोही मोडता येतो, पण मेकॅनोच्या क्रेनला नाव नसते, चेहरा नसतो, गोष्ट नसते. बायोनिकलच्या पात्राला हे तिन्ही असते. म्हणून त्याच्या संग्राहकापुढे एक पेच कायमचा उभा असतो : जुळवलेले पात्र आहे तसे जपायचे, की त्याचे भाग घेऊन नवे काही करायचे? तिकिटे किंवा नाणी जमवणाऱ्याला हा प्रश्न कधी पडत नाही.

नाव ‘बायॉलॉजिकल क्रॉनिकल’ या दोन शब्दांवरून बनले. मराठीत त्याला सरळ ‘जैविक बखर’ म्हणता येईल, आणि ते शोभेलही. कारण ही मालिका जवळजवळ दहा वर्षे एकसलग कथा सांगत राहिली.

उगम

१९९८ साली लेगो कंपनीला तिच्या इतिहासात प्रथमच तोटा झाला. १९९९ मध्ये तिने स्टार वॉर्सचे परवाने घेऊन संच काढले आणि ते चालले. पण दुसऱ्याच्या कथेवर खेळणी विकायची तर दर खेळण्यामागे हक्काचे पैसे द्यावे लागतात. स्वतःच्या मालकीची कथा हवी, हा विचार त्यातून बळावला. त्याच वर्षी लेगो टेक्निकमध्ये ‘स्लायझर’ (अमेरिकेत ‘थ्रोबॉट्स’) ही यंत्रमानवांची छोटी मालिका आली होती आणि २००० साली ‘रोबोरायडर्स’. स्लायझरने आणलेली महत्त्वाची गोष्ट म्हणजे उखळीचा सांधा : एका भागाला गोळा, दुसऱ्याला वाटी, आणि गोळा वाटीत दाबून बसवला की हात कुठल्याही दिशेला वळतो व वळवला तिथे थांबतो. आपल्या खांद्याचा सांधा असाच असतो. बायोनिकलची सगळी शरीररचना या एका सांध्यावर उभी आहे.

कल्पनेचा गाभा मात्र वेगळीकडून आला. ख्रिश्चन फेबर हे कोपनहेगनच्या ‘ॲडव्हान्स’ या जाहिरातसंस्थेत लेगोसाठी काम करणारे कलादिग्दर्शक. त्यांना मेंदूत साधी, कर्करोगाची नसलेली गाठ झाली होती आणि त्यावर नियमित इंजेक्शने घ्यावी लागत होती. औषधाचे कण म्हणजे शरीरात शिरून लढणारे छोटे सैनिक, हे चित्र त्यांच्या मनात तिथे रुजले. पुढे तेच चित्र मालिकेचा पाया झाले : एक महाकाय आजारी देह, आणि त्याला बरे करण्यासाठी कुपीत बंद होऊन आलेले सहा वीर.

२००१ सालच्या कथेत हे सहा ‘टोआ’ डब्यांत बंद होऊन माता नुई या बेटाच्या किनाऱ्याला लागतात. आपण कोण, हे त्यांना आठवत नाही. शरीराचे भाग विस्कटलेले असतात, ते आधी जुळवावे लागतात. आता दुकानातला संच आठवा. उंच गोल प्लॅस्टिकचा डबा, आत विस्कटलेले भाग. मुलाने डबा उघडून पहिला भाग दुसऱ्याला जोडला की कथेतला पहिला प्रसंग घडून गेलेला असे. खेळण्याच्या वेष्टनाला कथेत इतके नेमके स्थान दिल्याचे दुसरे उदाहरण प्रस्तुत लेखकाला माहीत नाही, आणि जुने संग्राहक रिकामे डबेसुद्धा का टाकत नाहीत याचे उत्तर यातच आहे.

हे बेट म्हणजे खरे तर निद्रिस्त महाकाय यंत्रदेहाच्या चेहऱ्यावर साचलेली जमीन आहे, हा उलगडा वाचकांना २००८ मध्ये झाला. सात वर्षे हे गुपित राखले गेले. मधल्या काळात कथा कॉमिक, कादंबऱ्या, चित्रपट आणि संगणकीय खेळ यांतून तुकड्या-तुकड्यांनी पुढे सरकत होती. कॉमिकचे आणि बहुतेक कादंबऱ्यांचे लेखन ग्रेग फार्श्टी यांनी केले. २००१ चा ‘माता नुई ऑनलाइन गेम’ न्यूयॉर्कच्या टेम्प्लर स्टुडिओज्‌ने केला होता. त्यात वीर न होता ताकुआ नावाचा साधा गावकरी होऊन बेटभर भटकायचे असे. गावे, पाऊलवाटा, समुद्राचा आवाज. पहिल्या पिढीच्या चाहत्यांना विचारले तर त्यांतले कित्येक जण आधी या खेळाचे नाव घेतात, संचाचे नंतर.

माओरी शब्दांचा वाद

पहिल्या वर्षीची बरीच नावे न्यूझीलंडच्या माओरी भाषेतून उचललेली होती. टोआ म्हणजे योद्धा, कानोही म्हणजे चेहरा, पोहातू म्हणजे दगड, कोपाका म्हणजे बर्फ. बेटावरच्या गावकऱ्यांना ‘तोहुंगा’ म्हटले होते. माओरी समाजात तोहुंगा म्हणजे पारंपरिक विद्येतला जाणकार, पुरोहिताच्या मानाचा माणूस. कोणाला न विचारता हे शब्द खेळण्यांच्या व्यापारात वापरल्याबद्दल काही माओरी गटांनी २००१ मध्ये हरकत घेतली. त्यांच्या वतीने वकील माउई सॉलोमन यांनी कंपनीशी पत्रव्यवहार केला. चर्चेनंतर कंपनीने काही नावे बदलायचे मान्य केले. तोहुंगाचे ‘मातोरान’ झाले, गावकऱ्यांपैकी ‘जाला’चे ‘जॅलर’ झाले, ‘हुकी’चे स्पेलिंग बदलले. कथेत हा बदल गावकऱ्यांच्या सन्मानार्थ झालेला नामकरणाचा सोहळा म्हणून बसवला गेला. टोआ, कानोही यांसारखे शब्द राहिले. मालिकेवर प्रेम करणाऱ्याने हा भाग वगळून पुढे जाऊ नये. ज्या नावांच्या नादाने आपण भारावलो ती एका जिवंत भाषेतली होती आणि त्या भाषेच्या लोकांना त्यांबद्दल बोलण्याचा पूर्ण हक्क होता.

मुखवटे

संग्रहाचे वेड लावले ते मुखवट्यांनी. कानोही मुखवट्यांचे पहिल्या वर्षी बारा आकार होते, सहा थोर आणि सहा कनिष्ठ, आणि प्रत्येक आकार सहा टोआंच्या सहा रंगांत. बारा सक बहात्तर. ताहूचा लाल, गालीचा निळा, कोपाकाचा पांढरा, लेवाचा हिरवा, ओनुआचा काळा, पोहातूचा तपकिरी. मुखवट्यांची छोटी पाकिटे वेगळी विकत मिळत, पण आत कोणता मुखवटा आहे हे बाहेरून कळत नसे. त्यामुळे शाळेच्या मधल्या सुट्टीत अदलाबदल, एकाच्या बदल्यात दोन, ‘माझ्याकडे तीन काळे आहेत, तुझा एक पांढरा दे’ असा सगळा व्यवहार चाले. बहात्तरच्या बहात्तर पुरे करणे ही आजही संग्राहकाची पहिली मोठी पायरी मानली जाते.

मुखवटा काढला की खाली जे डोके दिसते ते जवळून पाहण्यासारखे आहे. डोक्याच्या मागच्या बाजूला पारदर्शक रंगीत प्लॅस्टिकचा एक तुकडा बसवलेला असतो. त्याची दोन टोके पुढे येऊन डोळे होतात. पात्र खिडकीपाशी धरून दिव्याचा किंवा उन्हाचा प्रकाश डोक्याच्या मागून पडू दिला की तो तुकड्यातून वाहत पुढे येतो आणि मुखवट्याच्या भोकांतून डोळे पेटतात. ना सेल, ना दिवा. पात्र जरा वळवले की नजर विझते, परत वळवले की पेटते. चांगले छायाचित्र काढणारा संग्राहक दिवा नेहमी पात्राच्या मागे आणि वर ठेवतो तो यासाठी.

सर्वांत दुर्मीळ मुखवटा खऱ्या सोन्याचा आहे. २००१ च्या प्रसिद्धीसाठी १४ कॅरेट सोन्याचे ‘हाऊ’ या आकाराचे मुखवटे सुमारे तीसच बनवले गेले. त्यांतले बहुतेक स्पर्धेत बक्षीस म्हणून दिले. २०२४ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात, गुडविल या धर्मादाय संस्थेच्या दुकानाला दान आलेल्या दागिन्यांत असा एक मुखवटा निघाला आणि लिलावात १८,१०१ डॉलरना गेला. पण बहुसंख्य संग्राहकांची धडपड सोन्यासाठी नसतेच. चुकीच्या रंगात ओतले गेलेले भाग, साच्याच्या चाचणीचे नमुने, विशिष्ट जाहिरातीसोबतच मिळालेले मुखवटे यांच्या मागे ते वर्षानुवर्षे असतात.

यंत्रणा आणि सांधे

पहिल्या टोआंच्या धडात दातेरी चाके होती. पाठीमागची कळ फिरवली की ताहू तलवार चालवी, लेवा कुऱ्हाड. पोहातूचे धड उलटे बसवले होते, कारण तो हाताने लढत नाही, दगडाला लाथ मारतो. २००२ मधली ‘बोरॉक’ नावाची कीटकांसारखी पात्रे गुंडाळून चेंडूसारखी होत आणि त्यांचे डोके एकदम पुढे झेपावे. डोक्याच्या आत ‘क्राना’ नावाचा मऊ रबरी मुखवटा. २००४ च्या ‘टोआ मेट्रू’ या नव्या टोआंमध्येही चाके होती, आणि कोपर-गुडघे आले. २००६ पासून मात्र चाके गेली. त्यांच्या जागी सांधे वाढले आणि गोळ्या झाडणाऱ्या बंदुका आल्या. पात्रे अधिक उंच आणि देखणी झाली, पण पाठीमागे बोट लावून हात चालवण्याची मजा गेली. हे नुकसान होते असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे.

आणखी एक नुकसान हळूहळू उघड झाले. २००७ पासूनच्या काही भागांचे प्लॅस्टिक ठिसूळ निघाले. त्यातही पोपटी रंगाच्या वाट्या कुप्रसिद्ध आहेत. गोळा बाहेर ओढताना वाटीच्या कडेला बारीक पांढरी रेघ उमटते, मग तडा, आणि एके दिवशी हात खांद्यापासून गळून पडतो. २००७ चा टोआ कोंगु ज्याच्याकडे आहे तो त्याला शक्यतो हलवत नाही. सांधा सोडवायचाच असेल तर अनुभवी माणसे आधी भाग कोमट करून घेतात आणि सरळ न ओढता एका बाजूने अलगद उचलतात. पांढरे भाग उन्हाने पिवळे पडतात, म्हणून कोपाकाला खिडकीपासून लांब ठेवतात. पिवळेपणा घालवायला हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये बुडवून प्रकाशात ठेवण्याचा उपाय आहे. रंग परततो, पण पुढे पुन्हा उतरू शकतो.

जपणारे आणि मोडणारे

सुरुवातीला सांगितलेला पेच इथे येतो. कंपनीने स्वतःच मोडायला शिकवले होते. २००१ मध्येच ताहू, ओनुआ आणि पोहातू मोडून ‘अकामाई’, तर गाली, कोपाका आणि लेवा मोडून ‘वाइरुहा’ करण्याची सोय होती. तिघे आपापले रूप सोडतात तेव्हा मोठा एक उभा राहतो. यातून चाहत्यांची स्वतःच्या रचनांची मोठी परंपरा वाढली. अशा रचनेला जगभर ‘मॉक’ म्हणतात. काही जण त्यासाठी फक्त मूळ भाग वापरण्याचे व्रत घेतात. भाग कापत नाहीत, रंगवत नाहीत, चिकटवत नाहीत. काही जण मुखवटे रंगवतात, त्रिमितीय छपाईने नवे काढतात, ठिसूळ वाट्यांच्या जागी छापलेल्या वाट्या बसवतात. दोन्ही बाजूंत वाद होतात आणि ते मनापासून होतात.

दीर्घकाळ जमवणारे बहुतेक जण शेवटी दुहेरी संग्रहाकडे येतात. एक संच फळीवर, पूर्ण, डब्यासह. दुसरा मोडून खणांच्या डब्यात, रंगाप्रमाणे किंवा आकाराप्रमाणे लावलेला. रंगाप्रमाणे लावण्याचा मोह सर्वांना होतो, कारण दिसते सुंदर. पण काळ्या भागांच्या ढिगात एक काळी कळ शोधताना डोळे फुटतात. आकाराप्रमाणे लावले की बोटांनाही सापडते.

आज भाग मिळण्याचा मुख्य मार्ग म्हणजे जुन्या खेळण्यांचे वजनावर विकले जाणारे गठ्ठे आणि ब्रिकलिंक ही बाजारपेठ, जी २०१९ मध्ये लेगोनेच विकत घेतली. गठ्ठा घेताना जाणकार आधी छोट्या गोष्टी मोजतो : २००६ चे झामोर गोळे, २००५ च्या भिरभिऱ्या, क्राना, डोळ्यांचे पारदर्शक तुकडे. धड आणि पाय कुठेही सापडतात. हरवतात ती नेहमी हीच.

पुढील वाटचाल

२००३ मध्ये कंपनी मोठ्या तोट्यात असताना तिला तारून नेणाऱ्या मोजक्या मालिकांत बायोनिकल होती. तरी खप उतरत गेला आणि २०१० मध्ये ती थांबली. जागा ‘हीरो फॅक्टरी’ने घेतली (२०१०–१४). २०११ पासून तिच्यात हाडांचा सांगाडा आणि त्यावर दाबून बसवायची कवचे अशी नवी पद्धत आली. ती मजबूत होती आणि लहान मुलांना सोपी होती, मात्र पूर्वीच्या उघड्या यंत्राचे सौंदर्य तिच्यात नव्हते. २०१५ मध्ये ताहू आणि इतर पाच टोआ याच पद्धतीने परतले, २०१६ मध्ये पुन्हा बंद झाले. स्टार वॉर्सच्या जुळणीच्या पात्रांतही ही पद्धत काही वर्षे वापरली गेली.

लेगोला ९० वर्षे झाली त्या निमित्ताने जुन्या मालिकांवर चाहत्यांचे मत घेतले गेले, तेव्हा बायोनिकल आघाडीवर राहिली. २०२३ मध्ये ‘ताहू आणि ताकुआ’ हा छोटा संच ठरावीक रकमेच्या खरेदीवर भेट म्हणून देण्यात आला. त्यातला ताहू नेहमीच्या लेगो विटांतून बांधायचा आहे. अनेकांनी तो बांधून २००१ च्या ताहूशेजारी ठेवला आहे. काहींनी त्याचे भाग केव्हाच दुसऱ्या रचनेत लावले आहेत.