ट्रेडमिलवरच्या कॅलरींच्या आकड्याची पार्श्वभूमी

अर्धा तास धावून ट्रेडमिलवरून उतरताना पडद्यावर दिसणारा ‘२८० कॅलरी’ हा आकडा यंत्राने मोजलेला नसतो. वेग, चढ, वेळ आणि आपण भरलेले वजन यांवरून तो काढलेला असतो. वजन न भरताच बटण दाबले, तर यंत्र स्वतःच एखादे वजन गृहीत धरते आणि भलत्याच देहाचा हिशेब आपल्या पदरी पडतो.

प्रत्यक्ष मोजणीला सुरुवात झाली ती पॅरिसमध्ये. १७८२-८३च्या हिवाळ्यात लाव्हाझिए आणि लाप्लास या फ्रेंच शास्त्रज्ञांनी गिनीपिगला बर्फाने वेढलेल्या भांड्यात ठेवले आणि किती बर्फ वितळले यावरून त्याच्या शरीरातून बाहेर पडलेली उष्णता काढली. पुढे १७९०च्या सुमारास लाव्हाझिए यांचे सहकारी सेगँ हे तोंडावर मुखवटा चढवून पायाने पायटा दाबत बसले, तेव्हा श्रम वाढले की प्राणवायूचा वापरही वाढतो, हे दिसून आले. या प्रयोगाचे चित्र लाव्हाझिए यांच्या पत्नीने काढले असून, कडेच्या मेजावर नोंदी घेत बसलेली स्त्री त्या स्वतःच आहेत.

शंभर वर्षांनी अमेरिकेत रसायनशास्त्रज्ञ ॲटवॉटर यांनी माणूस मावेल एवढी बंद खोली बांधली. आतला माणूस सायकलीचे पायटे मारी आणि नळ्यांतून वाहणारे पाणी त्याची उष्णता वाहून नेई. असली खोली मैदानावर नेता येत नाही. म्हणून १९११मध्ये ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ डग्लस यांनी उच्छ्वास साठवणारी, पाठीवर बांधायची पिशवी तयार केली. एक लिटर प्राणवायू म्हणजे सुमारे ५ किलोकॅलरी (यंत्रावरची ‘कॅलरी’ ती हीच), हे ठाऊक असल्याने उष्णतेऐवजी श्वास मोजला तरी भागू लागले.

तिसरी पायरी निव्वळ कोष्टकाची. स्वस्थ बसलेला माणूस दर किलो वजनामागे मिनिटाला ३.५ मिलिलिटर प्राणवायू वापरतो, असे धरून त्याला १ ‘मेट’ म्हटले गेले आणि १९९३मध्ये निरनिराळ्या हालचालींच्या मेटची मोठी यादी प्रसिद्ध झाली. १ मेट म्हणजे दर किलोमागे तासाला साधारण १ कॅलरी, आणि ताशी ८ किलोमीटर धावणे साधारण ८ मेटचे. ७० किलोच्या माणसाचे अर्ध्या तासाचे २८० येतात ते असे, आणि त्यातल्या ३५ तर खुर्चीत बसूनही खर्च झाल्या असत्या. शिवाय २००५मध्ये ७६९ जणांच्या तपासणीत स्वस्थ बसल्यावरचा प्राणवायूचा खरा वापर ३.५हून बराच कमी, सरासरी २.६च्या आसपास भरला.

मनगटी पट्ट्यांनी यात नाडीची भर घातली. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या २०१७च्या चाचणीत सातपैकी सहा पट्ट्यांनी नाडीचे ठोके ५ टक्क्यांहून कमी चुकीने टिपले. कॅलरींच्या बाबतीत मात्र सर्वांत अचूक पट्टीही सरासरी २७ टक्क्यांनी चुकली, तर सर्वांत वाईट ९३ टक्क्यांनी.